मुलाचं नाव लोरेन्झो ठेवायचं घाटतंय, अर्थ आणि मतं सांगा

केतकीबन
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी फ्लोरेन्सला असते, नवरा इथलाच. नोव्हेंबरमध्ये बाळ येतंय आणि मुलगा आहे हे कळलंय (इथे डॉक्टर सांगतात, उगाच कोणी तक्रार करायला धावू नका). इकडे पहिल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची जुनी पद्धत आहे, आता सगळे पाळतात असं नाही, पण सासरे मागच्या वर्षी गेले, त्यांचं नाव लोरेन्झो, त्यामुळे सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात माझ्याकडे.

मला नाव आवडतं. अडलंय पुण्यात. आईचा पहिला प्रश्न, अर्थ काय त्याचा? मी गूगल करून सांगितलं की लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला, म्हणजे विजयी. त्यावर आई म्हणाली, मग विजयच ठेवा ना, सरळ आहे. बाबा रोज फोनवर लॉरेन्सो, लोरांझो, लोरेन्सा असे नवे नवे प्रकार काढतायत आणि मावशीने तर कुठेतरी वाचलंय की या नावाच्या संताला जिवंत भाजला होता, तेव्हा असलं अशुभ नाव नको.

तर नावाचा खरा अर्थ काय, लॅटिनमधून कुठून आलं, आणि तुम्ही माझ्या जागी असतात तर ठेवलं असतं का? मोकळेपणाने लिहा.

बोरूबहाद्दर
अभिनंदन! पहिला. बाकी सवडीने.

मीमराठीच
अभिनंदन. माझं स्पष्ट मत, आपल्याकडे नावं काय कमी पडली का? आडनाव इटालियन लागणारच आहे, पासपोर्ट इटालियन, निदान नाव तरी आपलं ठेवा. विजय खरंच वाईट नाहीये. किंवा जयंत.

जिरेमोहरी
जयंत? येत्या नोव्हेंबरात जन्माला येणाऱ्या मुलाचं? बँकेत चिकटणारे का लगेच? :)
केतकी, ठेव लोरेन्झो. छान वाटतं कानाला.

ग्रंथकीट
अभिनंदन. अर्थाबद्दल थोडं लिहितो, कारण गूगलवर जे 'विजयी, मुकुटधारी' वगैरे मिळतं ते अर्धवट आहे.

मूळ लॅटिन रूप लाउरेन्तियुस. याचा सरळ अर्थ 'लाउरेन्तुमचा', म्हणजे लाउरेन्तुम गावचा माणूस. हे गाव रोमच्या नैऋत्येला, टायबर नदीच्या मुखापासून जवळ, लॅटियम प्रांताच्या किनाऱ्यावर होतं. आपल्याकडे पुण्याचा तो पुणेकर, तसाच हा प्रकार, फक्त आपण आडनाव करतो, रोमन लोकांनी त्याचं नाव केलं. आता त्या गावाला लाउरेन्तुम का म्हणायचे, तर लाउरुस म्हणजे लॉरेलच्या झाडावरून, असं रोमन लोकच सांगायचे. रोमन कवी व्हर्जिलच्या एनीड या महाकाव्याच्या सातव्या सर्गात आहे, लॅटिनुस राजाला किल्ला बांधताना तिथे लॉरेलचं झाड सापडलं, ते त्याने अपोलोला वाहिलं आणि लोकांना लाउरेन्तेस असं नाव दिलं. ही दंतकथा झाली. गावाचं नाव खरंच झाडावरून आलं का हे सिद्ध करायला काही साधन नाही, लाउरुस हा शब्दसुद्धा लॅटिनच्या आधीच्या कुठल्यातरी भूमध्य भाषेतून आला असावा असं मानतात.

तेव्हा आईंना सांगा, विजय नाही, 'लाउरेन्तुमकर'.

बोरूबहाद्दर
लोरेन्झो लाउरेन्तुमकर! गझलकाराचं नाव वाटतंय.

खडूस_काका
@ग्रंथकीट, इतकं तांत्रिक कशाला? दोन हजार वर्षं लोक जर लॉरेलशी जोडतायत तर अर्थ लॉरेलच. आपल्याकडे तरी कोण धातू बघून नावं ठेवतं. आर्यन, कियान, रेयांश, यांचे अर्थ विचारा आईबापांना, सगळे म्हणतात 'सूर्याचा अंश'. प्रत्येक अपार्टमेंटमध्ये आठ सूर्याचे अंश हिंडतायत.

ग्रंथकीट
काका, लॉरेलशी नातं नाही असं मी म्हटलंच नाही. दोन पायऱ्या आहेत, झाड ते गाव आणि गाव ते माणूस, एवढंच. आणि त्या झाडाला रोममध्ये केवढा मान होता ते बघा, युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीच्या डोक्यावर तेच, अपोलोच्या देवळात तेच. रोमन लेखक प्लिनी लिहितो की लॉरेलवर वीज पडत नाही अशी समजूत होती म्हणून तिबेरियुस बादशहा आभाळ गडगडायला लागलं की डोक्यावर लॉरेलची पानं घालून बसायचा.

फोडणी
थांबा थांबा. लॉरेल म्हणजे तमालपत्रच ना? म्हणजे मुलाच्या नावाचा अर्थ तमालपत्र? बिर्याणीतून वेचून ताटाच्या कडेला ठेवतो ते? =))

जिरेमोहरी
हसून हसून पुरेवाट

केतकीबन
@फोडणी, हे आईला कळलं तर संपलंच :D पण आपलं तमालपत्र वेगळं असतं बहुतेक. इथे सासूबाईंच्या अंगणात आल्लोरोचं, म्हणजे लॉरेलचं झुडूप आहे, पानं लहान, जाडसर, मधे एकच शीर, चुरगळलं की निलगिरीसारखा वास येतो. मी पुण्याहून आणलेलं पान लांब आणि त्याला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा. सासूबाईंनी हुंगून बघितलं आणि म्हणाल्या ही दालचिनी आहे.

फोडणी
सासूबाई हुशार आहेत! आपलं तमालपत्र सिन्नामोमुम तमाला, म्हणजे दालचिनीच्याच गोत्रातलं. तिकडचं लाउरुस नोबिलिस. दोन्ही एकाच कुळातली आहेत पण, लॉरेसी, त्यातच दालचिनी आणि कापूर आणि गंमत म्हणजे अ‍ॅव्होकॅडोपण. इकडच्या सुपरमार्केटात बे लीफ म्हणून पाकिटात काय भरलंय हे शिरा मोजूनच ओळखायचं. तीन शिरा तर आपलं, एक तर त्यांचं. पुलावाला त्यांचं घातलंत तर औषधी वास येतो, मी एकदाच घातलं.

मीमराठीच
नावाचा धागा आहे की रेसिपीचा?

फोडणी
तुम्ही जयंत सुचवा, आम्ही तमालपत्र सुचवतो.

रानवाटा
विनोद बाजूला ठेवून, तमाल हे खरंच मुलाचं नाव आहे हं. बंगालमध्ये बऱ्यापैकी आढळतं. गीतगोविंदाचा पहिलाच श्लोक 'मेघैर्मेदुरमम्बरं वनभुवः श्यामास्तमालद्रुमैः', ढगांनी आभाळ भरलंय आणि तमालवृक्षांनी वनभूमी काळोखली आहे. कृष्णाच्या सावळ्या रंगाला तमालाची उपमा आहेच ठिकठिकाणी. काव्यातला तमाल म्हणजे नेमकं कुठलं झाड यावर वाद आहेत ते सोडा. पण केतकी, घरी हाक मारायला तमाल! तिकडे लोरेन्झो, इकडे तमाल, दोन्ही पानवाले.

केतकीबन
अय्या हे किती गोड आहे. नोंद केली.

आनंदीआनंद
मावशींच्या मुद्द्याचं कोणी बोललंच नाही. तो भाजलेला संत कोण? मी शाळेत असताना सिस्टरांनी गोष्ट सांगितली होती, अर्धवट आठवतेय.

वसईचा_वारा
मी सांगतो, आमच्या आजोबांचं नाव लॉरेन्स होतं त्यामुळे ही गोष्ट पाठ आहे.

संत लॉरेन्स रोममध्ये डीकन होते, म्हणजे धर्मगुरूच्या खालचं पद, आणि त्यांच्याकडे चर्चच्या पैशाअडक्याचा आणि गोरगरिबांना द्यायच्या मदतीचा कारभार होता. साल २५८, बादशहा वालेरियन, त्याने ख्रिस्ती धर्मगुरूंना मारायचा हुकूम काढला. ६ ऑगस्टला पोप सिक्स्टस दुसरे यांना मारलं. मग लॉरेन्सना सांगितलं, चर्चची सगळी संपत्ती आणून दे. त्यांनी तीन दिवसांची मुदत मागितली आणि त्या तीन दिवसांत होतं नव्हतं ते वाटून टाकलं. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यासमोर शहरातले आंधळे, पांगळे, विधवा, भिकारी असे सगळे उभे केले आणि म्हणाले, ही घ्या चर्चची संपत्ती. १० ऑगस्टला त्यांना लोखंडी जाळीवर ठेवून खाली निखारे पेटवले. तेव्हा म्हणे ते म्हणाले, ही बाजू झाली, आता परता. म्हणून ते स्वयंपाक्यांचे आश्रयदाते संत. विनोदी नटांचेही.

आजोबा ही गोष्ट सांगताना 'आता परता' म्हटलं की स्वतःच इतके हसायचे की शेंडेफळ नातवंडं रडायला लागायची आणि आजी आतून ओरडायची. केळीच्या बागेत काम करणारा माणूस, पण १० ऑगस्टला इस्त्रीचा शर्ट घालून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचा आणि येताना सगळ्या पोरांना काहीतरी खाऊ. त्यामुळे अशुभ वगैरे काही नाही ताई. आम्ही संतांची नावं ते कसे मेले म्हणून नाही ठेवत, कसे वागले म्हणून ठेवतो.

केतकीबन
वारा, खूप सुंदर लिहिलंत. हा परिच्छेद जसाच्या तसा मावशीला पाठवतेय.

रोखठोक
गोष्ट चांगली आहे पण इतिहास म्हणून किती खरी? वालेरियनच्या हुकुमात सरळ ठार मारायची शिक्षा होती, आणि पोप सिक्स्टसचा तर शिरच्छेद झाला. मग चार दिवसांनी एका डीकनला इतक्या निवांतपणे भाजायला कोणाला वेळ होता?

ग्रंथकीट
बरोबर शंका आहे. शिरच्छेदच झाला असावा असं मानणारे अभ्यासक आहेत. भाजल्याची आणि परता म्हटल्याची गोष्ट संत अ‍ॅम्ब्रोज आणि कवी प्रुडेन्शियस यांच्याकडून येते, म्हणजे घटनेनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. एक मत तर फार गमतीचं आहे. हुतात्म्यांच्या याद्यांमध्ये 'पासुस एस्त' असं लिहायचे, म्हणजे त्याने यातना भोगल्या. नक्कल करताना कोणा लेखनिकाचा पहिला प गळला आणि झालं 'आसुस एस्त', म्हणजे भाजला गेला! एका अक्षराने माणूस जाळीवर. सिद्ध झालेलं नाही हे, पण हस्तलिखितं चाळलेल्या माणसाला पटेल असं आहे. बाय द वे लॉरेन्स ग्रंथपालांचेही आश्रयदाते, कारण चर्चची दप्तरं त्यांच्या ताब्यात होती असं मानतात, तेव्हा माझा या धाग्यावर हक्क आहे.

वसईचा_वारा
ग्रंथकीट, प गळाला असेल नसेल. रोममध्ये सान लोरेन्झो इन लुचिना नावाचं चर्च आहे, तिथे ती जाळी म्हणून ठेवलेली आहे, लोक आजही जातात. आणि गरिबांना उभं केल्याचा प्रसंग राहतोच की, त्यात कुठला प लागतो?

रोखठोक
+१ या मुद्द्याला. तो प्रसंगही अ‍ॅम्ब्रोजचाच आहे, पण पटतो.

मुक्काम_पोस्ट
स्पेनला गेलो होतो तेव्हा माद्रिदजवळ एल एस्कोरियाल पाहिला, त्याचं पूर्ण नाव सान लोरेन्सो दे एल एस्कोरियाल. राजा फेलिपे दुसरा याच्या सैन्याने १५५७ साली १० ऑगस्टला सान कांतांची लढाई फ्रेंचांविरुद्ध जिंकली, तो या संताचा दिवस, म्हणून हा राजवाडा आणि मठ बांधला, १५६३ ते १५८४. वरून बघितलं तर उभेआडवे गजांसारखे चौक दिसतात आणि गाईड हमखास सांगतो की ही ती जाळी. भाजायच्या जाळीच्या आकाराचा राजवाडा, काय आवड म्हणायची! कॅनडातली सेंट लॉरेन्स नदीपण याच दिवसामुळे, जाक कार्तिए १५३५ साली १० ऑगस्टला तिथल्या एका उपसागरात शिरला आणि त्याने त्याला संताचं नाव दिलं, ते पुढे आखाताला आणि नदीला लागलं.

बार्देसकार
१० ऑगस्टचं आमच्या गोव्याकडचं पण सांगतो. कांदोळीच्या टोकाला सिकेरीला डोंगरावर साव लोरेन्सची, म्हणजे याच संताची, इगर्ज (चर्च) आहे, आग्वादच्या किल्ल्याजवळ, लिन्यारिसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने सतराव्या शतकात बांधलेली. तिथून खाली मांडवीचं मुख दिसतं. पावसाळ्यात मुखाशी रेतीचा बांध तयार होतो आणि होड्या आतबाहेर करायच्या बंद होतात. साव लोरेन्सच्या फेस्ताला (सणाला), १० ऑगस्टला, तो बांध उघडला असं मानायचे, पाद्री वरून आशीर्वाद द्यायचा आणि मग नुस्तेकार, म्हणजे मासेमार, दर्यात उतरायचे. आता सरकारी मासेमारी बंदी ३१ जुलैलाच संपते, ट्रॉलरवाले संताची वाट बघत नाहीत, पण फेस्त होतं.

आम्ही हिंदू, आमची नारळी पुनव त्याच्याच मागेपुढे. आजी म्हणायची, नारळ पडला आणि लोरेन्स पावला की बांगडा येतो.

दुसरं, आगशीलापण साव लोरेन्सचीच इगर्ज. आगशी कशासाठी प्रसिद्ध हे गोंयकारांना विचारा. चोरिस! सॉसेजवाल्यांच्या गावाला जाळीवरचा संत, हे कोणी ठरवून केलं की काय.

बोरूबहाद्दर
देव करो आणि कोणी ठरवून केलं नसो =))
बांगड्याचं वाचून भूक लागली.

माहेरवाशीण_मंगळुरू
कारकळजवळ अत्तूरला संत लॉरेन्सची बॅसिलिका आहे, जानेवारीत मोठी जत्रा भरते, अत्तूर जात्रेच म्हणतात सगळे. मेणबत्त्या लावायला हिंदू, मुसलमान, जैन सगळे येतात. माझं सासर तिकडचं आणि सासूबाई दरवर्षी जातात, आम्ही ब्राह्मण आहोत.

आकाशवेडा
संताच्या नावाने उल्कावर्षावही आहे, कोणी लिहिलं कसं नाही? ऑगस्टमधल्या पर्सिड्सना इटलीत सान लोरेन्झोचे अश्रू म्हणतात. ययाती तारकासमूहातून आल्यासारख्या दिसतात, स्विफ्ट टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी जाते म्हणून. धूमकेतू साधारण १३३ वर्षांनी येतो, मागे १९९२ ला सूर्याजवळून गेला. खरा जोर १२-१३ ऑगस्टला असतो पण मान १० तारखेच्या रात्रीला. आपल्याकडे त्यावेळी ढगच ढग, मी इतकी वर्षं छंद करतोय आणि महाराष्ट्रातून एकदाही धड पर्सिड्स बघितलेल्या नाहीत, सगळ्या उल्का ढगाच्या पलीकडे. त्यामुळे केतकीताईंचा हेवा वाटतो.

केतकीबन
हो, इथे त्या रात्री लोक शहराबाहेर टेकड्यांवर जाऊन गवतात आडवे पडतात, तारा पडला की मनातली इच्छा. आणि फ्लोरेन्समध्ये तर सान लोरेन्झो चर्चच्या चौकात त्या संध्याकाळी लझान्या आणि कलिंगड फुकट वाटतात. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा रांगेत माझ्या पुढे दोन आज्या भांडत होत्या, एक म्हणे माझी जागा होती, दुसरी म्हणे संताच्या दिवशी तरी खोटं बोलू नकोस. कलिंगड हातात येईपर्यंत दोघी गळ्यात गळे घालून. उकाडा इतका असतो की लझान्या कोण खाणार असं वाटतं, पण थेंबभर सॉस उरत नाही. इकडे म्हणच आहे, सान लोरेन्झोचा उकाडा आणि सांत आंतोनियोची थंडी, दोन्ही फार टिकत नाहीत.

अजून एक राहिलं. इटालियनमध्ये डिग्रीला लाउरेआच म्हणतात. पास झालेली पोरं डोक्यावर खरीखुरी हिरव्या पानांची लॉरेलची कडी घालून गावभर हिंडतात, मागे मित्र अचकट विचकट गाणी म्हणत. पहिल्यांदा बघून मला वाटलं कुणाचं लग्न आहे.

खडूस_काका
म्हणजे मुलगा जन्मतःच पदवीधर. पुण्यात याहून चांगला अर्थ कुठला मिळणार? आईंना हाच सांगा.

जिरेमोहरी
काकांनी षटकार मारला!

उत्तरध्रुव
स्वीडनहून हजेरी. माझ्या ऑफिसात चार लार्स आहेत. लार्स म्हणजे लॉरेन्सच, घासून घासून एवढं उरलंय. इथल्या कॅलेंडरमध्ये १० ऑगस्ट लार्सचा नामदिन. आडनाव लार्सन, म्हणजे लॉरेन्सचा मुलगा. फिनलंडमध्ये लाउरी. रशियात लावरेन्ती. पोलिश सहकाऱ्याच्या आजोबांचं नाव वाव्झिन्येत्स, हे तेच नाव आहे यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नाही, त्यांच्याकडे लॉरेललाच वाव्झिन म्हणतात म्हणे, तिकडून ते रूप आलं.

आनंदीआनंद
पोर्तुगीजमध्ये लोरेन्सू. मोझांबिकची राजधानी मापुतो पूर्वी लोरेन्सू मार्किश होती ना, १९७६ पर्यंत. गोव्यातल्या कित्येक घरातलं कोणीतरी तिकडे नोकरीला होतं.

बार्देसकार
आमच्या वाड्यावरचे दोघे. आणि घरी हाक मारताना लोरेन्सचं लॉरी करतात, रस्त्यावर लॉरी रे म्हटलं की दोन माणसं आणि एक ट्रक थांबतो.

इतिहासाचा_तास
भारतात हे नाव इंग्रजांच्या आडनावातून जास्त पोचलं. कंपनीच्या फौजेचा स्ट्रिंजर लॉरेन्स, मग पंजाबवाले भाऊ हेन्री आणि जॉन. हेन्री १८५७ ला लखनौच्या रेसिडेन्सीत मेला, जॉन पुढे व्हाइसरॉय झाला, १८६४ ते ६९. सनावरची लॉरेन्स शाळा हेन्रीची, १८४७ ची. (हल्ली बातम्यांत असतो तो लॉरेन्स कृपया इथे आणू नका, धागा उडेल.)

पण मला मूळ मुद्द्यावर, म्हणजे आजोबांचं नाव नातवाला यावर लिहायचंय. @मीमराठीच, ही पद्धत परकी कशी? बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षाअखेर नातू झाला त्याचं नाव बाळाजी, तेच आपले नानासाहेब पेशवे. शाहू महाराजांचं मूळ नाव शिवाजी, आजोबांचं. आणि केतकीताईंच्या गावातच बघा, फ्लोरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची, ज्याला इल मान्यिफिको (वैभवशाली) म्हणतात तो १४९२ च्या एप्रिलमध्ये वारला आणि सप्टेंबरमध्ये नातू झाला त्याचं नाव लोरेन्झो. हाच तो नातू ज्याला मॅकियावेलीने 'द प्रिन्स' अर्पण केलं. मायकेलअँजेलोने केलेली त्याची कबर सान लोरेन्झो चर्चलाच लागून आहे. पुण्यात बाळाजीचा बाळाजी आणि फ्लोरेन्सात लोरेन्झोचा लोरेन्झो, दोन्हीकडे आजोबा त्याच वर्षी गेलेले.

मीमराठीच
हे माहीत नव्हतं. चांगली माहिती. तरीही माझं मत आपल्या नावालाच.

सातारी_कंदी
आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की खरी पंचाईत सुनांची. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही मग पोराला ओरडायचं कसं? म्हणून तर घरोघरी अण्णा, तात्या, नाना, बापू. माझा चुलतभाऊ पाळण्यात होता तेव्हापासून अप्पासाहेब. तीन महिन्यांच्या पोराला 'अहो अप्पासाहेब शी केली का' म्हणणारी माझी काकू मी या कानांनी ऐकली आहे.

जिरेमोहरी
:D :D बाळाला अहोजाहो! केतकी, तुझ्या सासूबाई काय हाक मारणार?

केतकीबन
हो ना, त्यांना रोज नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार. विचारलं काल त्यांना हिंमत करून. म्हणाल्या, चाळीस वर्षं ओरडण्यासाठीच घेतलं ते नाव, सवय आहे.

उच्चारभास्कर
बाबांसाठी एक सूचना. इटालियनमध्ये ते झो नाहीच, त्सो आहे, लोरेन्त्सो. आणि त्स आपल्याला कुठून शिकायला नको, आपला दंत्य च तोच. हिंदीवाले अडखळतील, मराठी माणूस नाही. लोरेन्चो, 'चोर'मधला चो.

बोरूबहाद्दर
नातवाचं नाव सांगताना चोर हेच उदाहरण सापडलं का भास्करराव? चोळी म्हणा, चोपडी म्हणा.

उच्चारभास्कर
चोखंदळ म्हणा मग. पुण्याला शोभेल.

मुंबईकर_इन_मिलान
उशिरा आलो. केतकी, कागदपत्रांचं बघून ठेव. जन्मनोंद हॉस्पिटलमध्ये केली तर तीन दिवस, नगरपालिकेत, म्हणजे कोमूनेत केली तर दहा दिवसांची मुदत असते, त्यात नाव ठरलेलं पाहिजे, आपल्यासारखं बाराव्या दिवशी बारसं आणि दाखल्यावर तोवर नुसतं 'बाळ' असलं चालत नाही. जिवंत वडिलांचं किंवा भावाचं नाव मुलाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आजोबांचं चालतं. नावाचे तीन भाग करता येतात, म्हणजे लोरेन्झो तमाल बसतं आरामात. आणि इथल्या घटना न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर आईवडील दोघांची आडनावं लागतात, एकच हवं असेल तर दोघांनी मिळून तसं सांगायचं. तेव्हा तुझं आडनाव सोडू नकोस. आम्ही मुलीच्या वेळी जोशी सोडलं नाही, फक्त इथे सगळे योशी म्हणतात.

केतकीबन
ही माहिती सोन्यासारखी आहे, धन्यवाद. दोन आडनावांचं मला माहीत होतं पण नावाच्या तीन भागांचं नाही.

तर मंडळी, काल घरी व्हिडिओ कॉल झाला. वसईचा_वारा यांची गोष्ट मावशीला वाचून दाखवली, तिने डोळे पुसले आणि म्हणाली मग ठेवा बाई. आईला काकांचा पदवीधर अर्थ सांगितला, ती एकदम गप्प झाली आणि मग शेजारच्या काकूंना हाच अर्थ सांगताना मी ऐकलं. बाबा 'चोखंदळचा चो' घोकतायत. कागदावर लोरेन्झो तमाल, घरी जे तोंडात येईल ते.

मीमराठीच
तमाल आहे ना, मग झालं. अभिनंदन!

खडूस_काका
बारशाला घुगऱ्या की लझान्या?

केतकीबन
घुगऱ्या. नोव्हेंबरात इथे वाटाणा मिळाला नाही तर मसुराच्या.

फोडणी
येताना सासूबाईंच्या झुडपाची थोडी वाळलेली पानं कोणाबरोबर तरी पाठव गं, खरं लाउरुस नोबिलिस घालून टोमॅटोचा सॉस करून बघायचाय. पुलावात नाही, शपथ.

रानवाटा
@फोडणी, आणि दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी टाक, शिरा दिसतील असे.

नवखा_सभासद
नमस्कार. माझ्या होणाऱ्या जावयाचं नाव विन्चेन्झो आहे. अर्थ कोणी सांगेल का? इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

बोरूबहाद्दर
वेगळा काढा. इथे अजून तमालपत्राचं मिटायचंय.